गाळणीचा गाळ

नागपुरात सीताबर्डीला लागून असलेली धंतोली ही मूळची बंगल्यांची वस्ती. १९२८ पासून इथे रामकृष्ण मठ आहे. बाहेरगावच्या माणसाला मात्र धंतोली ठाऊक असते ती दवाखान्यांमुळे. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियापासून पलीकडे छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण इथे येतात, आणि त्यांत मूत्रपिंडे थकलेले अनेक असतात. डायलिसिसच्या खाटेशेजारच्या यंत्रावर वीतभराहून थोडी लांब अशी एक पारदर्शक नळी उभी लावलेली असते. तिच्या पोटात सुमारे दहा हजार पोकळ धागे असतात. एकेका धाग्याची पोकळी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, आणि भिंत तिच्याहून कितीतरी पातळ. आतून रक्त वाहते, बाहेरून मोजके क्षार मिसळलेले पाणी उलट्या दिशेने वाहते, आणि रक्तातला युरिया त्या भिंतीतून पाण्यात उतरतो. चार तासांच्या एका खेपेला असे सुमारे १२० लिटर पाणी लागते, आणि तेही आधी आरओच्या पटलातून दाबाने गाळून घ्यावे लागते. म्हणजे रक्त गाळणारे एक पटल, आणि त्याच्यासाठी पाणी गाळणारे दुसरे. अलीकडे जगभरच्या प्रयोगशाळांत ही पटले पर्यावरणाला न दुखावता कशी घडवावीत याचा शोध चालू आहे. हा शोध नवा वाटतो. पण पटलांचा वंशवृक्ष आपण मुळापासून पाहू लागलो, की ध्यानात येते, आज ज्याला पर्याय शोधायचा आहे ते विष या वंशात जन्मापासून नव्हते. ते एका ठरावीक वळणावर आत आले.

सुरुवात अर्थातच कापडापासून. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाने पाणी वस्त्राने गाळून प्यावे असे सांगितले आहे. जैन घरांत हा नियम नित्याचा झाला आणि त्याला एक जोडही मिळाली. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्यावर त्या फडक्यावर जे सूक्ष्म जीव उरतात, ती 'जिवाणी'. ती कुठेही झटकायची नाही. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत हलकेच परत सोडायची. गाळलेल्या पाण्याइतकीच मागे उरलेल्या गाळाचीही जबाबदारी गाळणाऱ्यावर, असा हा आचार. कापडाच्या गाळणीला पुढे विज्ञानाचीही साक्ष मिळाली. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात, ६५ गावांत, जुन्या साडीची चौपदरी घडी करून पाणी गाळण्याचा प्रयोग केला आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले होते. पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून येतात, ते जलचर या घडीत अडकत होते. धुऊन धुऊन विसविशीत झालेल्या साडीचे धागे फुलून छिद्रे लहान होतात, म्हणून नव्या कापडापेक्षा जुने अधिक कामाचे ठरले. या गाळणीची मजल सुमारे २० मायक्रॉनपर्यंत. सुटा जंतू त्याच्या कितीतरी पट लहान, आणि विरघळलेल्या क्षाराची तर गोष्टच सोडा.

कापडाच्या पलीकडची पहिली पायरी प्राण्याच्या शरीरातून आली. १७४८ साली फ्रान्समध्ये आबे नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या बाटलीचे तोंड डुकराच्या मूत्राशयाने घट्ट बांधून ती पाण्यात बुडवली. काही वेळाने ते कातडे फुगून वर आले. पाणी आत शिरत होते, मद्यार्क त्या मानाने बाहेर पडत नव्हता. एकाला वाट देणारा आणि दुसऱ्याला अडवणारा पडदा असू शकतो, याची ही पहिली लेखी नोंद. १८२० च्या दशकात द्युत्रोशे यांनी या घटनेचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढे लंडनमध्ये टॉमस ग्रॅहॅम यांनी आधी बैलाच्या मूत्राशयावर आणि नंतर सल्फ्युरिक आम्लात बुचकळून चिवट केलेल्या कागदावर प्रयोग केले. १८६१ च्या त्यांच्या निबंधात 'डायलिसिस' हा शब्द आला आणि एक विलक्षण निरीक्षणही. त्या कागदी पडद्याच्या एका बाजूला लघवी ठेवली असता तिच्यातला युरिया पलीकडच्या पाण्यात उतरत होता. धंतोलीतले यंत्र आज जे करते त्याचे बीज इथे, कोणत्याही रुग्णाविना पडले होते.

ग्रॅहॅमचा कागद चिंध्यांचा, म्हणजे बहुतेक कापसाचा होता. इथून पुढे शंभर वर्षे आपल्याला कापसाचाच माग काढायचा आहे. १८४६ साली बासेलमध्ये शोनबाइन यांनी कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस तयार केला. त्याचाच एक सौम्य प्रकार ईथर आणि मद्यार्काच्या मिश्रणात विरघळतो, आणि ईथर उडून गेले की मागे एक पारदर्शक पापुद्रा उरतो. हे कलोडियन. १८५५ साली आडोल्फ फिक यांनी त्याचे पडदे करून त्यातून पदार्थांचा प्रवास मोजला. १८७७ सालच्या १ जानेवारीला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस इथेच सूत होऊ लागला. त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म फेफर यांचा परासरणावरचा ग्रंथ निघाला. सच्छिद्र मातीच्या भांड्यांत रासायनिक पडदा बसवून त्यांनी परासरणाचा दाब पहिल्यांदा नीट मोजला होता. १९०६-०७ च्या सुमारास बेखहोल्ड यांनी कलोडियनचे प्रमाण कमीजास्त करून हव्या त्या छिद्रांचे पडदे घडवले. १९१३ मध्ये अमेरिकेत एबल, राउंट्री आणि टर्नर यांनी कलोडियनच्या नळ्यांतून जिवंत कुत्र्याचे रक्त फिरवले. रक्त गोठू नये म्हणून जळवांच्या डोक्यांतून काढलेले द्रव्य वापरले. १९२४ साली जर्मनीतील गीसन गावी गेओर्ग हास यांनी तोच प्रयोग माणसावर केला. या सगळ्यात एक बदल गुपचूप झाला होता. कापड विणले जाई, कातडे निसर्गातून आयते मिळे. कलोडियनसाठी मात्र कापूस आधी कशात तरी विरघळवावा लागे. पटलाच्या इतिहासात द्रावकाचा प्रवेश झाला तो इथे.

ईथर पेट घेई, पण उडून जाई. पुढचा द्रावक तितका सरळ नव्हता. १८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस आणि बेव्हन यांनी सेल्युलोज विरघळवण्यासाठी कार्बन डायसल्फाइड वापरले. त्यातून व्हिस्कोस धागा आला, आणि त्याच घोळातून ब्रांडेनबर्गर यांचा सेलोफेन कागद. सॉसेज भरण्यासाठी सेलोफेनच्या अखंड नळ्या बाजारात मिळू लागल्या. नेदरलँड्सवर जर्मनांचा ताबा असताना, १९४३ मध्ये, कांपेन गावच्या रुग्णालयात विलेम कोल्फ यांनी अशीच सुमारे वीस मीटर नळी लाकडी पिंपावर गुंडाळली, ते पिंप खारट पाण्यात फिरवले आणि नळीतून रुग्णाचे रक्त नेले. पहिले बरेच रुग्ण दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली आणि कृत्रिम मूत्रपिंडाची उपयुक्तता सिद्ध झाली. तिचा जीव वाचवणाऱ्या सेलोफेनची दुसरी बाजू कारखान्यात होती. कार्बन डायसल्फाइडच्या वाफेने व्हिस्कोस कामगारांची मज्जासंस्था बिघडते, वेड लागल्यासारखे होते, हे युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले होते. आपल्याकडे कल्याणजवळ शहाडला सेंच्युरी रेयॉनने १९५६ मध्ये हाच व्हिस्कोस काढायला सुरुवात केली. डायलिसिससाठी पुढे क्युप्रोफॅन हे पटल रूढ झाले, तेही कापसाचेच. सरकीवर उरणारी बारीक लव तांबे आणि अमोनियाच्या द्रावणात विरघळवून ते केले जाई. म्हणजे मूळ द्रव्य शेतातले, आणि ते विरघळवणारे रसायन कारखान्याच्या सांडपाण्यात.

दरम्यान पाण्याच्या बाजूने एक समांतर धारा वाहत होती. गटिंगनचे झिग्मोंडी यांनी बाखमान यांच्यासह १९१८ च्या सुमारास गाळण-पटलांचे पेटंट घेतले. १९२५ चे नोबेल त्यांना मिळाले, आणि त्याच गावी १९२७ पासून ही पटले विक्रीसाठी बनू लागली. ती बराच काळ प्रयोगशाळेच्या कपाटापुरती राहिली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीने जर्मन शहरांची जलवाहिन्यांची जाळी उद्ध्वस्त झाली, तेव्हा पाण्यात जंतू आहेत का हे लवकर सांगणारी पद्धत हवी होती. पटलातून पाणी गाळायचे, वर अडकलेले जंतू तिथेच वाढवायचे आणि मोजायचे, ही युक्ती त्या गरजेतून रुजली. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने ती उचलली, १९५४ मध्ये मिलिपोर कंपनी निघाली, आणि १९५७ साली अमेरिकेच्या आरोग्य खात्याने पिण्याच्या पाण्याच्या तपासणीसाठी या पटलाला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून आपण तिला नीरी म्हणतो.

नीरीचा इथे उल्लेख करायचा तो एका विसरल्या गेलेल्या पूर्वजासाठी. १८०४ मध्ये स्कॉटलंडच्या पेझ्ली गावी आणि १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी जलकेंद्रात वाळूतून संथपणे पाणी गाळण्याची रीत सुरू झाली होती. या गाळणीचे खरे काम वाळू करीत नाही. काही आठवड्यांत वाळूच्या पृष्ठभागावर शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा सायीसारखा थर धरतो, आणि जंतू अडवतो तो हा थर. जलद वाळू-गाळण्या आणि क्लोरीन आल्यावर ही रीत मागे पडली. १९७० च्या दशकात विकसनशील देशांतल्या गावांसाठी तिचा पुन्हा विचार झाला, त्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताकडून नीरी सहभागी होती. द्रावक नाही, दाब नाही, कारखाना नाही. पटल स्वतःच उगवते आणि जाड झाले की वरचा थर खरवडून काढता येतो. त्याला जागा भरपूर लागते आणि क्षार त्यातून आरपार जातात. पण पर्यावरणस्नेही पटलांचा इतिहास लिहायचा तर त्याचे एक प्रकरण या सायीपासून सुरू करावे लागेल.

क्षार अडवण्याचा प्रश्न सुटला तो समुद्राकाठी. १९५९ साली फ्लोरिडा विद्यापीठातील रीड आणि ब्रेटन यांनी दाखवले की सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा मीठ अडवतो. पण त्यातून पाणी इतके सावकाश झिरपे की व्यवहारात त्याचा उपयोग शून्य. लॉस एंजेलिसमध्ये सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी ही अडचण फोडली. सेल्युलोज ॲसिटेट ॲसिटोनमध्ये विरघळवायचे, थोडे पाणी आणि मॅग्नेशियम परक्लोरेट घालायचे, तो घोळ काचेवर पातळ पसरून बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. द्रावक पाण्यात निघून जातो, त्याच्या जागी पाणी शिरते आणि सेल्युलोज थिजते: वरची त्वचा घट्ट आणि अतिशय पातळ, खालचा भाग सच्छिद्र. अडवण्याचे काम त्वचेचे, आधाराचे काम खालच्या भागाचे. पाण्याचा प्रवाह कैक पटींनी वाढला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा गावी या पटलावर चालणारे जलकेंद्र सुरू झाले. आज जगातली बहुतेक पटले याच रीतीने, घोळ पाण्यात बुडवून घडतात. या रीतीचा एक गुण सर्वांनी उचलला, आणि तिचा एक दोष कोणी मोजला नाही: पटल घडते ते द्रावक पाण्यात सोडून दिल्यामुळेच.

ॲसिटोन त्यातल्या त्यात मवाळ होते. पण सेल्युलोज ॲसिटेट आम्ल-अल्कलीत टिकत नाही, जंतू ते खातात, गरम पाण्यात ते बिघडते. इकडे डायलिसिसच्या डॉक्टरांना दिसत होते की क्युप्रोफॅनला रक्त लागताच पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होतात. शरीर त्या पटलाला परका शत्रू समजते. कापूस मागे पडला तो असा, सबळ कारणांनी. १९६५ मध्ये युनियन कार्बाइडने बाजारात आणलेले पॉलिसल्फोन हे चिवट, उष्णता सोसणारे बहुवारिक दोन्हीकडे उपयोगी पडले. १९८३ मध्ये फ्रेझेनियसने पॉलिसल्फोनच्या पोकळ धाग्यांचा डायलायझर आणला. पाण्यासाठी मिनेसोटात जॉन कॅडॉट यांनी १९७० च्या दशकात पॉलिसल्फोनच्या आधारावर पॉलिअमाइडचा मायक्रॉनच्या दशांशाएवढा थर चढवला. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओतील मेम्ब्रेन त्याच घराण्याचे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घरगुती गाळणीसाठी पॉलिसल्फोनचे पटल विकसित केले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने जंतू-विषाणू अडवणारे पॉलिॲक्रिलोनायट्राइलचे. ही नवी बहुवारिके मात्र पाण्याला, मद्यार्काला दाद देत नाहीत. त्यांना डायमिथाइल फॉर्मामाइड किंवा एन-मिथाइल पायरोलिडोन यांसारखे कडक द्रावक लागतात. पहिला त्वचेतून शरीरात शिरून यकृत बिघडवतो, दोन्ही गर्भाला घातक. आणि हिशेब पाहा: शंभर किलो घोळात साधारण वीस किलो बहुवारिक, ऐंशी किलो द्रावक. म्हणजे एक किलो पटल घडताना चार किलो द्रावक पाण्यात उतरतो, आणि धुण्याच्या पाण्यागणिक पसरत जातो.

हा हिशेब मांडायला अर्धशतक लागले. पटल किती स्वच्छ पाणी देते याचे आकडे १९६० पासून निघत होते. पटल करताना किती पाणी नासते हे कोणी विचारत नव्हते. जिवाणीचा नियम पाळणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी पडला असता असा हा प्रश्न. २०१४ साली इटलीतील कालाब्रियाच्या पटल-संशोधन संस्थेतून अल्बेर्तो फिगोली आणि सहकाऱ्यांनी बिनविषारी द्रावकांचा विस्तृत आढावा घेतला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अंदाज दिला की जगभरच्या पटल-निर्मितीतून वर्षाला ५० अब्ज लिटरांहून अधिक द्रावकयुक्त सांडपाणी निघते. मग कायदा हलला. युरोपीय संघाने एन-मिथाइल पायरोलिडोनवर २०२० पासून आणि डायमिथाइल फॉर्मामाइडवर २०२३ च्या डिसेंबरपासून कडक मर्यादा लागू केल्या. ही मर्यादा मुख्यतः कामगाराच्या श्वासात आणि त्वचेवर किती द्रावक जावा याची आहे, पण तिने कारखानदारांना पर्यायांकडे वळवले.

पर्यायांचे आज तीन रस्ते दिसतात. पहिला, द्रावक बदलण्याचा. सायरीन हा द्रावक लाकडाच्या आणि शेतीच्या टाकाऊ सेल्युलोजपासून दोन टप्प्यांत मिळतो. पोलरक्लीन हा नायलॉन-उद्योगातल्या उपउत्पादनापासून होतो. दोन्ही पॉलिसल्फोन घराण्यातली बहुवारिके विरघळवतात. पण द्रावक बदलला की घोळाचा दाटपणा बदलतो, थिजण्याचा वेग बदलतो, छिद्रे वेगळी येतात. म्हणजे कारखान्याची सगळी पाककृती नव्याने बसवावी लागते. शिवाय हे द्रावक उशिरा उकळतात, त्यामुळे पाण्यातून परत मिळवायला उष्णता जास्त लागते. दुसरा रस्ता, द्रावकच पाणी करण्याचा. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात वीबे द फोस यांच्या गटाने २०१९ च्या सुमारास दाखवले की पाण्यात विरघळणारी विद्युतभारित बहुवारिके घेऊन नुसती आम्लता किंवा मिठाचे प्रमाण बदलले तरी ती थिजून पटल होतात. तिसरा रस्ता पुन्हा सेल्युलोजकडे जातो. लायोसेल कापडाच्या धंद्यात एनएमएमओ हा द्रावक ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळवून पुन्हा वापरला जातो, आणि त्यातून सेल्युलोजची पटलेही घडवता येतात. याला जोडून एक काटकसरीची वाट आहे: आरओची जुनी, निकामी झालेली पटले सोडियम हायपोक्लोराइटने धुतली की वरचा पॉलिअमाइडचा थर जातो आणि उरलेले पटल कमी दर्जाच्या गाळणीला चालते. नवे पटल न घडवणे हाही द्रावक वाचवण्याचाच मार्ग.

विदर्भाला यातला तिसरा रस्ता जवळचा आहे. जिनिंगनंतर सरकीवर जी लव उरते ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते, आणि आपल्याकडे बरीचशी सरकी ती लव न काढताच घाण्यात जाते. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कापसाच्या अशा उरल्यासुरल्या तंतूंपासून नॅनोसेल्युलोज करण्याचा प्रायोगिक कारखाना उभारला. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. कापसाचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था १९७६ पासून इथे आहे, पाण्याचा अभ्यास करणारी नीरी इथे आहे, आणि रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली, रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी संस्थाही इथेच. एवढ्याने पटल होत नाही. रक्ताने क्युप्रोफॅनला का नाकारले हे विसरून पुन्हा कापसाकडे धावणे हा भाबडेपणा ठरेल. पाण्याच्या गाळणीत सेल्युलोजला जागा लवकर मिळेल, रक्ताच्या गाळणीत उशिरा.

आपण चाललेल्या वाटेवर प्रत्येक वळण मागणीने घडवले आहे. जलवाहिन्या फुटल्या म्हणून जंतू मोजणारे पटल आले, पांढऱ्या पेशी घटल्या म्हणून पॉलिसल्फोन आले, युरोपने मर्यादा घातली म्हणून सायरीन कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचले. रुग्णालये आणि नगरपालिका पटले विकत घेतात तेव्हा खरेदीच्या निविदेत छिद्राचा आकार, प्रवाह, दाब, आयुष्य आणि दर असे रकाने असतात. हे पटल कोणत्या द्रावकात घडले आणि त्या द्रावकाचे पुढे काय केले, हा रकाना अजून रूढ नाही. तो घालायला नवा शोध लागत नाही. धंतोलीसारख्या एका वस्तीत जितकी पटले वर्षभरात खपतात, त्यांच्या खरेदीदारांनी तो एक रकाना मागितला, तर या वंशावळीत पुढची तारीख नागपूरच्या नावावर पडू शकेल.